ध्वनिमुद्रिकांच्या मृत्यूची आवई

शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या आता संपल्या, अशी वार्ता दर चार-दोन वर्षांनी कुठून तरी उठते आणि काही दिवस हळहळ व्यक्त होऊन विरते. २०१६ साली मुंबईत काळा घोडा येथले 'ऱ्हिदम हाऊस' बंद झाले तेव्हा ती उठली होती. २०२३ साली स्वीडनची 'बिस' ही कंपनी 'ॲपल'ने आणि इंग्लंडची 'हायपेरियन' ही कंपनी 'युनिव्हर्सल'ने विकत घेतली, तेव्हा पाश्चात्त्य संगीताच्या चाहत्यांत तिने पुन्हा उचल खाल्ली. आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडे ती अधिक घरगुती वेषात येते. सकाळच्या गाडीत चौथ्या सीटवर अंग चोरून बसलेले एखादे गृहस्थ सहज म्हणून जातात, "एचएमव्ही बंद पडली म्हणे!" मग डोंबिवली येईपर्यंत जुन्या तबकड्यांच्या आठवणी निघतात आणि आता पूर्वीचे काही राहिले नाही, यावर डब्यात एकमत होते.

आवई ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने सर्वस्वी टाकाऊ मानू नये. वस्तुस्थितीविषयी ती बहुधा चुकीची असते, परंतु लोकांना धास्ती कशाची वाटते हे तिच्यावरून कळते. प्रस्तुत आवईचेही तसेच आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. ज्या कंपनीला आपण एचएमव्ही म्हणत आलो, ती ग्रामोफोन कंपनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कलकत्त्यात आली. १९२८ च्या सुमारास तिचा डमडमचा कारखाना उभा राहिला. १९८५ साली ती गोएंका उद्योगसमूहाकडे गेली आणि २००० साली तिने 'सारेगामा' हे नाव धारण केले. भोंग्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा गेला, कंपनी गेली नाही. तिचे भाग आजही शेअरबाजारात घेतले-विकले जातात. २०१७ साली तिने पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरून ठेवलेली, दिसायला जुन्या रेडिओसारखी 'कारवाँ' नावाची पेटी बाजारात आणली आणि ती मुलांनी आईवडिलांना भेट द्यावयाची वस्तू होऊन बसली. जगाचा हिशेब पाहिला तर ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ साली या धंद्याचे जगभरचे उत्पन्न २,९६० कोटी डॉलर होते आणि त्यातील सुमारे ६९ टक्के इंटरनेटवरून थेट ऐकल्या जाणाऱ्या संगीताचे होते. अशा धंद्याला मरणासन्न म्हणणे धाडसाचे ठरेल.

आणि ही आवई नवीही नाही. नभोवाणी आली तेव्हा अमेरिकेत तबकड्यांचा खप १९२७ मधील सुमारे १० कोटींवरून १९३२ मध्ये ६० लाखांवर घसरला होता. त्यात मंदीचाही वाटा होता. तबकडी आता वस्तुसंग्रहालयात जाणार, असे तेव्हाही जाणत्यांनी सांगितले. २००७ साली नॉर्मन लेब्रेक्ट या इंग्रज समीक्षकाने पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणाचे मृत्युलेखवजा पुस्तकच लिहिले. रुग्ण अद्याप हयात आहे, फक्त त्याने व्यवसाय बदलला आहे. हा बदल नीट समजून घेण्यासारखा आहे.

१९६६ साली बोमॉल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातला मुद्दा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावा इतका सोपा आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात आणि एका कामगाराच्या तासाभरातून पूर्वीपेक्षा अधिक माल निघतो. अंबरनाथच्या विमको कारखान्यात आगपेटीचे काम जसे हाताकडून यंत्राकडे गेले, तसे विलंबित एकतालाचे होऊ शकत नाही. दरबारीचा ख्याल मांडायला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आज लागतो, आणि गाणाऱ्याबरोबर तबलजी, पेटीवाला व तंबोऱ्यावर बसणारे दोघे तेव्हाही लागत, आजही लागतात. इतर सर्वत्र मजुरी वाढत जाते, म्हणून गाण्याचा खर्चही वाढत जातो, पण त्यातून निघणारे 'उत्पादन' मात्र तेवढेच राहते. परिणामी, कलेला कोणी तरी आश्रय द्यावाच लागतो, मग तो संस्थानिक असो, सरकार असो की साबणाची जाहिरात करणारा कारखानदार.

ध्वनिमुद्रिका हा या कोंडीतून निघण्याचा एक मार्ग होता. गवई एकदा गाईल आणि त्याचे गाणे दहा हजार वेळा विकले जाईल, ही व्यवस्था या कलेच्या इतिहासात प्रथमच घडली. शास्त्रीय संगीताच्या बाबतीत तर हा सौदा कंपनीला फार सोयीचा होता. शंभर वादकांचा ताफा नको, संगीतकार नको, गीतकार नको. खर्च थोडा आणि माल मंद गतीने, परंतु चाळीस-पन्नास वर्षे खपणारा. चित्रपटगीत म्हणजे भाजी, ख्याल म्हणजे मुरंबा. दुकानदाराला दोन्ही ठेवणे परवडे.

अर्थात या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. गौहर जानने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेडरिक गायसबर्गच्या भोंग्यात तोंड घालून गायिले, तेव्हापासून अर्धशतकभर आपल्या रागसंगीताला तीन-साडेतीन मिनिटांच्या कोंदणात बसावे लागले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी झिंझोटीतील 'पिया बिन नहीं आवत चैन' एवढ्या अवधीत अजरामर केली हे खरे. पण ते खाँसाहेबांचे कर्तृत्व होते, मेणाच्या थाळीचे नव्हे. मोबदल्याच्या बाबतीतही कंपन्यांचा हात आखडताच असे. एखादी तबकडी बाजारातून कधी नाहीशी होईल याचाही नेम नसे. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत घातली गेली, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिची कमी ठाऊक असलेली बाजू अशी की, ती निवडली गेली तेव्हा तिची ध्वनिमुद्रिका बाजारात मिळत नव्हती. शोधता शोधता न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या काही प्रती सापडल्या, म्हणून पुढचे सारे घडले. व्हॉयेजर-१ चे उड्डाण ५ सप्टेंबरला झाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. मानवजातीच्या वतीने ताऱ्यांकडे जाणारा स्वर पृथ्वीवर त्याच्या धन्याच्या यादीत नव्हता. कंपन्यांच्या सुवर्णकाळाविषयी उसासे टाकताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

तीन मिनिटांचे बंधन दीर्घ तबकडीने सैल केले. १९५५ साली अली अकबर खाँसाहेबांची सकाळ-संध्याकाळच्या रागांची दीर्घ तबकडी अमेरिकेत निघाली आणि लवकरच एका बाजूस वीस-बावीस मिनिटांचा ख्याल आपल्याकडेही ऐकू येऊ लागला. अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि दरबारी, किशोरीताईंचा भूप, भीमसेनजींच्या व कुमारजींच्या तबकड्या ही नावे घेतली तरी पुरे. तथापि दीर्घ तबकडी ही कारकुनाच्या किंवा शाळामास्तराच्या खिशाला झेपणारी वस्तू नव्हती. ती मोठ्या घरांत, महाविद्यालयांच्या संगीत मंडळांत आणि आकाशवाणीवर राहिली. आमच्या भागात शास्त्रीय संगीत खऱ्या अर्थाने आले ते कॅसेटमधून.

हा भाग म्हणजे कल्याणच्या पलीकडचा लोहमार्ग. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला शिलाहारांचे शिवमंदिर आणि त्याच्याभोवती आगपेट्यांपासून शस्त्रास्त्रांपर्यंतचे कारखाने. पुढे कुळगाव-बदलापूर, जिथे १९८० नंतर गिरगाव, दादर, परळच्या खोल्या अपुऱ्या पडलेली कुटुंबे दोन खोल्या आणि थोडा वारा शोधत आली. त्यांतल्या पुष्कळांना गाण्याचा कान होता. गाण्याला जाण्याची सोय मात्र मागे राहिली. दादरला मैफल रंगात आली असताना ज्याला शेवटच्या गाडीचा घोर लागतो, तो भैरवीपर्यंत बसू शकत नाही. या माणसाच्या सांस्कृतिक जीवनात कॅसेटचे स्थान काय होते, हे मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. त्याच्यासाठी ती मैफलीची आठवण नव्हती, तीच मैफल होती. शस्त्रास्त्र कारखान्यातील दुसरी पाळी संपवून आलेला फिटर रात्री आवाज बारीक करून मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतो, हे दृश्य मी माझ्या विद्यार्थिदशेत अंबरनाथच्या एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

कॅसेट स्वस्त झाली ती कोणामुळे, याचे उत्तर रसिकांना आवडणारे नाही. गुलशनकुमार यांच्या टी-सीरीजने १९८० नंतरच्या दशकात किंमत एवढी खाली आणली की जुन्या कंपन्यांना मुकाट्याने मागोमाग यावे लागले. त्या स्वस्ताईत कायद्याच्या फटींचा आणि निव्वळ चोरीचाही हात होता. उल्हासनगरच्या बाजाराची या बाबतीतली कीर्ती वेगळी सांगायला नको. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथल्या शेंबड्या पोरालाही येतो आणि तो सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. कॅम्पातल्या बाजारांत कोऱ्या फितीवर गाणी भरून देणारे विक्रेते होते, आणि त्यांच्याकडे चित्रपटगीतांच्या ढिगात मधूनच एखादी जसराजांची किंवा प्रभा अत्र्यांची कॅसेट, मुखपृष्ठाची फिकट नक्कल गुंडाळलेली, हाती लागे. ती चोरी होती. कलावंताला त्यातून कवडीही मिळत नव्हती, आणि त्या चोरीचे समर्थन करण्याचा माझा उद्देश नाही. पण ज्या दुकानात मूळ कॅसेट सन्मानाने विकत घेता येईल असे दुकान या तीन गावांत किती होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. पुरवठा कायदेशीर मार्गाने आला नाही की मागणी दुसरी वाट शोधते.

त्याच काळात पुण्यात सुरेश अलूरकरांसारखा एकांडा माणूस स्वतःच्या नावाने कॅसेटी काढत होता, आणि त्यांत बड्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे वळून पाहिले नसते अशा गायकांचे, खासगी मैफलींतले गाणे असे. मराठी मुलखातल्या रसिकांवर अलूरकरांचे उपकार मोठे आहेत. १९९० च्या आसपास 'म्युझिक टुडे'ने ऋतू आणि प्रहर यांच्या मांडणीवर देखण्या मालिका काढल्या. लंडनच्या 'नवरस'ने मैफलींची ध्वनिमुद्रणे सीडीवर आणली. सीडीचा काळ आमच्याकडे आला तसा गेला. तिच्याविषयी फारसे सांगण्याजोगे नाही.

आता आजचा हिशेब. माझ्या मते सारी मेख इथे आहे, म्हणून वाचकांनी जरा धीर धरावा.

पूर्वी ध्वनिमुद्रिकेची किंमत एकदाच मोजली जाई. वीस मिनिटांचा मारवा तुम्ही एकदा ऐका की पाचशे वेळा ऐका, कंपनीला आणि कलावंताला मिळायचे ते विक्रीच्या वेळी मिळून जाई. इंटरनेटवरून गाणे ऐकविणाऱ्या सेवांनी हा नियम बदलला. तेथे महिन्याची सारी वर्गणी आणि जाहिरातींचे उत्पन्न एका हौदात पडते, त्यातला सुमारे दोन तृतीयांश हिस्सा हक्कधारकांसाठी बाजूला निघतो आणि ज्याची गाणी जितक्या वेळा वाजली त्या प्रमाणात तो वाटला जातो. 'वाजले' म्हणजे काय? स्पॉटिफायसारख्या सेवेत गाणे तीस सेकंद ऐकले की ते एकदा वाजले. पुढे ते तीन मिनिटे ऐकले की पन्नास मिनिटे, हा प्रश्न हिशेबात येत नाही.

याचा अर्थ साध्या गुणाकाराने कळतो. पन्नास मिनिटांची दरबारी कोणी भक्तिभावाने आद्योपांत ऐकली, तर त्या गवयाच्या खात्यावर एक आवर्तन जमा होते. तेवढ्याच वेळात साडेतीन मिनिटांची चौदा चित्रपटगीते वाजतात आणि चौदा आवर्तने जमा होतात. श्रोत्याने दिलेला वेळ सारखाच आणि त्याने भरलेली वर्गणीही सारखीच, परंतु मोबदल्यात चौदा पटींचा फरक. त्यातच २०२४ पासून त्याच सेवेने नियम केला की जे ध्वनिमुद्रण बारा महिन्यांत एक हजार वेळाही वाजत नाही, त्याला काहीच मिळणार नाही. आपली पन्नास मिनिटांची दरबारी वर्षात ९९९ वेळा पूर्ण ऐकली गेली असे समजा. लोकांनी त्या गाण्याला आठशे बत्तीस तास दिले आणि गवयाच्या हाती शून्य आले.

१९०२ साली लांबीवर बंधन होते ते यंत्राचे. आज यंत्राला कसलेही बंधन नाही. रात्रभराची मैफल एका फाइलीत मावते. बंधन आता हिशेबाने घातले आहे, आणि यंत्राच्या बंधनापेक्षा ते अधिक चिवट आहे, कारण ते दिसत नाही. कलावंत शहाणा असतो. तो लवकरच सात मिनिटांची बंदिश, चार मिनिटांचा तराणा आणि दीड मिनिटाची तान वेगवेगळी प्रसिद्ध करू लागतो, आणि समीक्षक तरुण पिढीची चंचलता म्हणून त्यावर लेख लिहितात. तरुण पिढीचा यात दोष थोडा आहे. दरपत्रक जसे असेल तसा माल निघतो.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते रास्त आहे. ध्वनिमुद्रणाचा खर्च आज इतका उतरला आहे की बदलापूरच्या एखाद्या शांत खोलीतही चांगल्या प्रतीचे मुद्रण होऊ शकते, मग कंपनी हवी कशाला? शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ सालीच 'अंडरस्कोअर रेकॉर्ड्‌स' काढून कलावंताने आपले गाणे आपणच रसिकांपर्यंत न्यावे असा मार्ग दाखविला होता. हे सारे मला मान्य आहे. उत्पादक म्हणून कंपनीची गरज संपत आली असेल, तर अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

पण जुन्या कंपन्या उत्पादक राहिल्या नाहीत याचा अर्थ त्या नाहीशा झाल्या असा नाही. त्या आता जमीनदार झाल्या आहेत. शंभर वर्षांत जमविलेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क त्यांच्याकडे आहेत आणि त्या हक्कांचा खंड त्यांना घरबसल्या मिळतो. रिकार्डो ज्याला खंड म्हणत असे त्याचे याहून स्वच्छ उदाहरण वर्गात देता येणार नाही: जमीन नव्याने कसावी लागत नाही, फक्त कुंपण सांभाळावे लागते. हे बेकायदेशीर नाही, अनैतिकही नाही. प्रश्न एवढाच की कुंपणाच्या आत ज्या जमिनीतून खंड येत नाही, तिचे काय होते? चित्रपटगीतांची शेते हिरवीगार आहेत. एखाद्या अल्पपरिचित गवयाची १९७० सालची तबकडी मात्र ना विक्रीला असते, ना इतरांना काढता येते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे चालतो. १९६० च्या आगेमागे निघालेल्या तबकड्या त्यामुळे आता सर्वांच्या झाल्या आहेत. त्यानंतरच्या तबकड्यांसाठी याच कायद्याच्या ३१ व्या कलमात एक तरतूद आहे. धन्याने एखादी प्रसिद्ध कृती पुन्हा काढण्यास नकार दिला आणि त्यामुळे ती जनतेला मिळेनाशी झाली, तर योग्य मोबदला ठरवून दुसऱ्यास परवाना देता येतो. शास्त्रीय संगीताच्या संस्थांनी या कलमाकडे अद्याप गंभीरपणे पाहिलेले दिसत नाही. आपल्याकडे सभा-संमेलनांत ठराव होतात, अर्ज होत नाहीत.

कंपन्या आणखी एक काम करीत, त्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. कंपनीला धंद्याच्या भाषेत 'लेबल' म्हणतात, ते तबकडीच्या मधोमध चिकटविलेल्या कागदी चकतीवरून. त्या चकतीवर गाणाऱ्याचे नाव, राग, ताल आणि क्रमांक असे. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत असे, असे सांगतात की ती हौस नसून गरज होती. मेणाच्या थाळ्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तेथल्या कारागिराला कोणत्या थाळीवर कोणाचे नाव छापायचे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे या धंद्याचा आरंभच नाव नोंदविण्याने झाला. दीर्घ तबकडीच्या वेष्टनामागे जाणकारांनी लिहिलेली टिपणे असत. घराणे म्हणजे काय, हे खेड्यापाड्यांतल्या कित्येकांना प्रथम त्या टिपणांतून कळले.

आज तेच गाणे संगणकावर 'ट्रॅक ३' म्हणून येते. तबलजीचे नाव नसते. बागेश्रीला रागेश्री म्हटलेले आढळते. माझ्या एका विद्यार्थिनीने मोठ्या उत्साहाने मला ऐकविलेले 'हिराबाई बडोदेकर' दुसऱ्याच गायिकेचे होते. २०२३ मध्ये ॲपलने अभिजात संगीतासाठी स्वतंत्र सेवा काढली ती याच तक्रारीतून. पण तिची रचना संगीतकार, कृती, संचालक या पाश्चात्त्य कप्प्यांवर बेतलेली आहे. राग, ताल, बंदिश, घराणे हे कप्पे आपल्याला पाहिजेत, आणि ते आपल्याखेरीज कोणी करून देणार नाही.

स्वर न राहिल्याने काय होते हे पाहायला आम्हाला फार दूर जावे लागत नाही. बदलापूरहून चार स्थानके मागे कल्याण. तेथे कल्याण गायन समाज भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव भरवितो. भास्करबुवा १९२२ साली वारले. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव ज्यांचे शिष्य, तीन घराण्यांची विद्या ज्यांच्या गळ्यात एकवटली होती असे सर्वजण सांगतात, त्या माणसाचा एक स्वरही मुद्रित झालेला उपलब्ध नाही. अल्लादिया खाँसाहेबांचीही तीच गत, आणि ते तर १९४६ पर्यंत हयात होते. आपण त्यांच्या गाण्यावर जे बोलतो ते ऐकणाऱ्यांनी सांगितलेले सांगतो. यंत्र गावात आलेले होते, कंपनी व्यवसाय करीत होती, तरीही हे घडले.

आमच्या तीन गावांत मात्र नेमकी उलट परिस्थिती आहे. स्वर आहेत आणि ते कुजत आहेत. जी कुटुंबे दादर-गिरगावहून आली त्यांनी येताना कॅसेटी आणल्या, पुढे आणखी जमविल्या. त्यांत कंपन्यांच्या कॅसेटी आहेत तशीच घरच्या यंत्रावर टिपलेली आकाशवाणीची संगीत संमेलने आहेत, देवळातल्या उत्सवांतली गाणी आहेत, कुणाच्या दिवाणखान्यात पंचवीस माणसांसमोर झालेल्या बैठका आहेत. गजाननबुवा जोशी अखेरच्या वर्षांत डोंबिवलीला होते. त्यांच्यासारख्यांच्या आगेमागे या पट्ट्यात किती गाणे झाले असेल याची कल्पना करावी. कोकणपट्टीच्या दमट हवेत फितीवर बुरशी चढते, आतला स्पंज गळून पडतो, फीत फितीला चिकटते. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदी आणि वालधुनी घरांत शिरल्या, तेव्हा बदलापुरातील माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचा सुमारे तीनशे कॅसेटींचा संग्रह चिखलात गेला. लोक गाद्या आणि धान्य वाळत घालीत होते तेव्हा हे गृहस्थ अंगणात दोरीवर फिती वाळवीत होते. त्यांतली एकही पुढे वाजली नाही. जे संग्रह पुरातून वाचले ते आता दुसऱ्या संकटात आहेत: मालक ऐंशीच्या घरात आहेत, मुले बंगलोरला किंवा बोस्टनला आहेत, आणि इमारत पुनर्विकासाला निघाली की पहिल्यांदा भंगारात जाते ते कॅसेटींचे खोके.

कायदा येथे आडवा येत नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची संगणकीय नसलेली प्रत आधीपासून आहे, ते नफ्याचा हेतू न ठेवता जतनासाठी तिची संगणकीय प्रत करून ठेवू शकते. म्हणजे लोकांनी आपल्या कॅसेटी ग्रंथालयाला देणगी द्याव्यात, ग्रंथालयाने त्या दाखल करून घ्याव्यात आणि प्रत करावी. ती प्रत बाजारात आणणे वेगळे. त्याला हक्कधारकांची, आणि खासगी बैठकींच्या बाबतीत कलावंताची किंवा त्याच्या वारसांची संमती लागेल. पण आज निकड जतनाची आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता व अनुदान मिळविणारी ग्रंथालये अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तिन्ही ठिकाणी आहेत. त्यांच्या कपाटांत जागा नाही ही अडचण खरी. संगणकातल्या प्रतीला जागा लागत नाही.

खर्चाचा अंदाज मी विद्यार्थ्यांकडून करवून घेतला. कॅसेटची प्रत करताना घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची फीत नव्वद मिनिटेच घेते. बोमॉलचा नियम इथेही भेटतो. दोनशे कॅसेटींचा एक संग्रह म्हणजे फार तर तीनशे तास. दोन विद्यार्थी दोन यंत्रांवर रोज तीन-तीन तास बसले तर पन्नास दिवस, म्हणजे एक उन्हाळ्याची सुटी. त्यांना बसल्या बसल्या राग-ताल-साथीदार यांची नोंदवही लिहिता येईल, आणि जे ओळखता येणार नाही ते सांगायला गावातले जुने ऐकणारे अजून आहेत. चालू स्थितीतली कॅसेटयंत्रे आणि त्यांचे पट्टे, डोकी व रोलर बदलणारे कारागीर मात्र दुर्मिळ झाले आहेत. ते उल्हासनगरला मिळतात. मी चौकशी केली आहे: कॅम्प नंबर तीनमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे तीन जुनी यंत्रे दुरुस्त होऊन पडलेली आहेत आणि गिऱ्हाईक नाही म्हणून तो दिवाळीपर्यंत ती मोडीत काढणार आहे.